वादळ आंध्रात, पाणी आमच्या रानात?

प्रश्न: २०२१ चं 'गुलाब' वादळ आंध्रात धडकलं. मग मांजराकाठचं आमचं सोयाबीन कसं बुडालं? – एक शेतकरी, लातूर जिल्हा

उत्तर: दादा, वादळाला नाव मिळतं ते वाऱ्यावरून, ताशी ६२ किलोमीटर गाठले की बारसं. पावसाचा त्यात हिशेबच नाही. २६ सप्टेंबरला 'गुलाब' कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आलं. समुद्राचं उधाण किनाऱ्यालाच राहिलं, वाराही वाटेत ओसरला. ओल मात्र तेलंगणावरून आपल्याकडे आली. रान आधीच चिबडलेलं, त्यात मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. माझ्या भावाच्या गंजीत शेंगांना कोंब फुटले, पण वरची ताडपत्री काही उडाली नाही! तेव्हा 'वादळ निवळलं' एवढ्यावर थांबू नका; पाऊस किती नि धरणात जागा किती, तेही विचारा.