बीम चढवताना फाटलेला खांदा

प्रश्न : माझं वय ५७. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर ३० वर्षं काढली. सहा महिन्यांपूर्वी बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला जड रूळ) चढवताना उजव्या खांद्यात कट्कन आवाज झाला. तेव्हापासून हात डोक्यापर्यंत जात नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. एका दवाखान्यात ‘खांदा जखडलाय’ म्हणून दोन इंजेक्शनं दिली. आता एमआरआयमध्ये कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारा पट्टा) फाटल्याचं निघालं, फाट मोठी आहे. मुलगा म्हणतो, हल्ली तिथं पॅच लावतात. तो लावला की खांदा पहिल्यासारखा होईल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : पहिल्यासारखा होणार नाही, हे आधीच सांगतो. पण दुखणं कमी होणं, हात डोक्यावर जाणं, रात्रीची झोप लागणं, याची आशा जरूर धरा.

साखर पेठेत आमच्या घरीही माग होते. नवा बीम चढला की वडील जुन्या धाग्याच्या टोकाला नव्याचं टोक जोडत बसायचे. सुताला सूत जोडणं जमतं. खांद्यात आम्हाला सूत जोडायचं असतं भिंतीला. कंडरा मऊ, हाड कडक, आणि दोघांच्या मध्ये हळूहळू कडक होत जाणारा कुर्चेचा थर असतो. तो तुटला की पुन्हा तसा तयार होत नाही. शरीर तिथं व्रण भरतं आणि व्रण कमजोर असतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात मोठी फाट दुर्बिणीतून शिवलेल्या १८ जणांपैकी १७ जणांची कंडरा सोनोग्राफीत पुन्हा फाटलेली दिसली. तरीही त्यातल्या बहुतेकांचं दुखणं कमी झालं होतं, हेही खरं.

म्हणून शिवणीवर लावायच्या पॅचचा शोध सुरू झाला. सगळेच पॅच चांगले निघाले नाहीत. डुकराच्या आतड्याच्या आवरणापासून केलेला पॅच २००६ च्या चाचणीत उलटा ठरला : पॅच लावलेल्या १५ पैकी ४ जणांची कंडरा जुळली, न लावलेल्या १५ पैकी ९ जणांची. आज दान केलेल्या मानवी त्वचेचे आणि गोवंशाच्या कंडरेतल्या कोलॅजनचे पॅच वापरात आहेत. श्रद्धेमुळे यातलं काही चालणार नसेल तर सर्जनला आधीच सांगा, संकोच करू नका.

ऑक्सफर्डच्या संशोधकांचं काम मात्र आपल्या गावाला लगेच कळेल. विरघळणाऱ्या टाक्यांसाठी वापरतात त्या पॉलिडायॉक्सॅनोनचा त्यांनी दुहेरी पॅच केला. एक थर चक्क विणलेला, ताण घेण्यासाठी. दुसरा थर केसाहून कितीतरी बारीक तंतूंचा. सुईतून द्रावण सोडायचं, त्याला हजारो व्होल्टचा दाब द्यायचा, की हवेतच त्याचं सूत होतं. पेशी या तंतूंना धरून वाढाव्यात आणि पॅच पुढे आपोआप विरघळून जावा, असा त्यामागचा विचार.

पण पॅच हा शिवणीला दिलेला आधार आहे. शिवायला कंडरा पुरली पाहिजे आणि मागचा स्नायू जिवंत पाहिजे. फाट जुनी झाली की कंडरा आत ओढली जाते, स्नायूत चरबी भरते, आणि ती भरलेली चरबी सहसा परत जात नाही. तुमचे इंजेक्शनांत गेलेले महिने मला म्हणूनच सलतात. सर्जनला दोनच गोष्टी विचारा : कंडरा किती आत गेलीय, स्नायूत चरबी किती भरलीय? उत्तर चांगलं आलं तर शस्त्रक्रिया लांबवू नका. वाईट आलं तर कितीही महागडा पॅच घेऊन उपयोग नाही. मग व्यायामापासून सांधा बदलण्यापर्यंतचे दुसरे मार्ग बघावे लागतात.

तंबाखू आजच सोडा, साखर तपासून घ्या. दोन्हींमुळे कंडरा जुळायला अडथळा येतो. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे हात झोळीत राहील, आणि बीम उचलण्याचं नाव काही महिने काढायचं नाही. मालकाशी आधीच बोलून ठेवा. आणि सर्जनकडे जाताना एमआरआयची सीडी न्या, नुसता रिपोर्टचा कागद नको.