थार, मलप्रभेचा काठ आणि ट्रॅक्टरची साखळी

प्रश्न: दादा नमस्कार, मी बेळगावच्या टिळकवाडीचा. यंदा महिंद्राची सेकंडहँड थार जीप घेतलीय, फोर बाय फोर. गेल्या महिन्यात जांबोटीकडं मलप्रभेच्या काठानं शेतातल्या वाटेनं गेलतो, पाणी गुडघ्याखालीच होतं, आरामात ओलांडलं पण पलीकडच्या चढावर चाकं जाग्यावरच फिरायला लागली, शेवटी ट्रॅक्टरवाल्यानं साखळी लावून ओढलं आणि बंपरच निघून आला. फोर-हाय (चारी चाकांना ताकद, नेहमीच्या वेगासाठी) लावलेला की! चुकलं कुठं? भाताची सुगी झाल्यावर परत जायचंय.

उत्तर: अहो, पाणी ओलांडलं की जिंकलो असं सगळ्यांनाच वाटतं. तिथली लाल माती बघितलीत काय, वर जांभ्याचे खडे आणि खाली भिजली की साबण, आणि तुमच्याच चाकांनी नदीचं पाणी नेऊन त्या चढावर ओतलं, मग दुसरं काय होणार! टायरच्या खाचा चिखलानं भरल्या की फोर-हायमध्ये कितीबी रेस करा, गाडी खड्डाच खणते. काठावर थांबा, न्यूट्रल करा, फोर-लो (चारी चाकांना ताकद, वेग कमी पण जोर जास्त) तिथंच टाका, पाण्यात शिरल्यावर नाही. दुसरा गिअर, एकसारखा हलका ॲक्सिलरेटर, पाण्यात क्लचला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. चाक जाग्यावरच फिरायला लागलं की लगेच ॲक्सिलरेटर सोडा आणि त्याच चाकोरीतनं सरळ मागं या. टायरची हवा 20-22 पीएसआयवर आणली तर पकड बरीच वाढते, पण पंप बरोबर पाहिजे, डांबरीवर यायच्या आधी हवा भरा आणि टू-हाय (फक्त मागच्या दोन चाकांना ताकद) करा.

2020 पासूनच्या थारला कंपनी 650 मिमी खोल पाण्यापर्यंत चालतं असं सांगते. मी वाहत्या पाण्यात गुडघ्यावर जात नाही, आणि आधी काठी घेऊन चालत जातो, मलाच उभं राहता येईना तर गाडी कशाला घालू? वर मलप्रभेच्या उगमाकडं, कणकुंबीला पाऊस झाला की खाली कडक ऊन असलं तरी पाणी चढतं, तेवढं ध्यानात ठेवा. पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत स्टार्टर मारू नका, आत पाणी ओढलेलं असलं तर इंजिनच बसतं.

सुगीनंतर ट्रॉल्यांच्या चाकोऱ्या खोल पडतात आणि तुमच्या गाडीपेक्षा रुंद, एक चाक आत एक बाहेर राहून गाडी कलते. शेतकऱ्याला विचारून जा, आणि भीमगड अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय अजिबात नाही.

आणि बंपरला साखळी लावू दिलीत कशी? पुढं खाली टोइंगचा हुक असतो, तो घरीच वाकून बघून ठेवा, चिखलात चाचपत बसायची पाळी नको.