सेंद्रिय की जैविक?

यावलच्या एका शिक्षिकेने विचारले आहे : ओएलईडीला (ऑरगॅनिक लाइट-एमिटिंग डायोड, म्हणजे टीव्ही-मोबाइलच्या पडद्यांत प्रकाश देणारा घटक) शाळेच्या विज्ञान फलकावर 'जैविक प्रकाश-उत्सर्जक डायोड' लिहावे का? आणि त्यातल्या पदार्थांच्या सरफेस सायन्सला 'पृष्ठविज्ञान' चालेल का?

ताई, 'जैविक' मुळीच लिहू नका, 'सेंद्रिय' लिहा. हल्ली टीव्हीच्या दुकानांतही 'जैविक पडदा' ऐकून कान किटले आहेत. रावेरचा केळीवाला शेतकरी ही चूक करणार नाही. त्याच्या लेखी शेणखत, गांडूळखत हे सेंद्रिय. अझोटोबॅक्टरसारखे जिवंत जिवाणू घातलेले ते जैविक. ओएलईडीत जीव कुठला? १९८७ साली कोडॅकच्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी ज्याच्यातून हिरवा प्रकाश काढला, ते ॲल्युमिनियमयुक्त संयुग प्रयोगशाळेत बनवलेले होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलरने १८२८ साली, एरवी जिवांच्या शरीरात बनणारा युरिया प्रयोगशाळेत बनवला, तेव्हापासूनच 'ऑरगॅनिक'ची जिवाशी गाठ सुटत गेली. आता त्याचा अर्थ कार्बनी संयुगांचे, एवढाच.

'सेंद्रिय' म्हणजे स + इंद्रिय. पण इंद्रिय कुठून आले? पाणिनी (५.२.९३) सांगतो, इंद्रावरून : इंद्राची खूण, इंद्राने पाहिलेले, घडवलेले, सेवलेले, दिलेले. आणि इंद्र? शतपथ ब्राह्मण म्हणते, तो मुळात 'इंध', म्हणजे चेतवणारा; देवांना आडून बोललेले आवडते म्हणून 'इंद्र' झाला. शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणारा प्राचीन निरुक्तकार यास्कही 'इन्ध्' (पेटवणे) या क्रियापदाच्या धातूचा पर्याय देतो. त्याच धातूचे 'इंधन'! म्हणजे भुसावळजवळच्या दीपनगरला जळणारा कोळसा आणि मोबाइलच्या पडद्यावरचा सेंद्रिय थर एकाच धातूच्या घरचे. प्रकाश देणाऱ्या पदार्थाला याहून नेमके विशेषण कुठून आणणार?

तौलनिक भाषाशास्त्राचे पंडित याला लोकव्युत्पत्ती म्हणून झटकतात. त्यांचे स्वतःचे इंद्राच्या मुळाबद्दल अजून एकमत नाही. तोवर यास्काला बाजूला सारायचा अधिकार त्यांना कोणी दिला? ब्राह्मणकाळच्या माणसांना त्या शब्दात उजेड ऐकू येत होता, हा पुरावा मला पुरतो.

'पृष्ठविज्ञान' चालेल. मात्र टँग-व्हॅन स्लाइक यांचे दोन्ही सेंद्रिय थर मिळून दीडशे नॅनोमीटरच्या आत होते. इतक्या पातळ थरात विद्युतभार आत शिरेल की अडेल, हे धातू आणि सेंद्रिय पदार्थ जिथे भिडतात तिथेच बरेचसे ठरते. त्या सीमेला 'आंतरपृष्ठ' म्हणा. फलकावर तोही शब्द हवा.