मुलगा मॅकलिन सेलेब्रिनीचा वेडा झालाय. पण शार्क्सच्या स्टेडियमवर शहराने ३२.५ कोटी डॉलर खर्च करावेत का?

नंतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणारे वर्षभरापूर्वी सनीव्हेलला राहायला आले. मुलगा नऊ वर्षांचा, सॅन होजे शार्क्स या बर्फावरच्या हॉकीच्या संघातल्या सेलेब्रिनीचं त्याला वेड लागलंय आणि घरात ७१ नंबरची जर्सी आली आहे. आता त्यांच्या वाचनात आलं की शार्क्सचं स्टेडियम असलेल्या एसएपी सेंटरच्या नूतनीकरणासाठी सॅन होजे महापालिका ३२.५ कोटी डॉलर घालणार आहे. चाहत्याने याला पाठिंबा द्यावा की विरोध करावा, असं त्यांनी विचारलंय.

आधी एक गोष्ट. सनीव्हेल म्हणजे वेगळी महापालिका. तेव्हा ते पैसे तुमच्या खिशातून नाही, आम्हा सॅन होजेकरांच्या खिशातून जाणार आहेत. तुम्ही निवांत मॅच बघा. काळजी करायचं काम आमच्याकडे आलंय आणि मी ते मन लावून करतोय.

मी मूळचा खडकीचा. धनराज पिल्लेच्या खडकीचा. हॉकी म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे मुरमाचं मैदान, सोललेले गुडघे आणि एका स्टिकवर तिघांचा हक्क. बर्फावरची हॉकी मी इथे आल्यावर, २००८ च्या हिवाळ्यात पहिल्यांदा पाहिली, तीही ऑफिसातल्या एकाकडे तिकीट उरलं होतं म्हणून. अर्धा वेळ पक (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) कुठे आहे तेच कळत नव्हतं. शेजारचे उठले की मी उठायचो, ते बसले की बसायचो. पण गोडी लागली ती लागलीच. तेव्हा थॉर्नटन, मार्लो, पाव्हेल्स्की यांचा संघ होता. २०१६ मध्ये हेच लोक स्टॅन्ली कपच्या, म्हणजे एनएचएल या लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत जाऊन पिट्सबर्गकडून हरले. २०१९ नंतर मात्र अशी उतरती कळा लागली की २०२३-२४ च्या मोसमात ८२ पैकी १९ सामने जिंकून आम्ही सगळ्या लीगमध्ये तळाला. त्या वर्षी वरच्या मजल्यावरचं तिकीट कधी कधी पार्किंगपेक्षा स्वस्त मिळायचं. मी आणि लेक दोघं जायचो, आजूबाजूच्या रिकाम्या खुर्च्यांवर जॅकेटं पसरून बसायचो आणि हरून घरी यायचो.

तळाला राहण्याचा या लीगमध्ये एक फायदा असतो. ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या, लॉटरीत पहिला नंबर लागायची शक्यता वाढते. तो लागला आणि जून २०२४ मध्ये शार्क्सने सेलेब्रिनीला उचललं. पोरगा नॉर्थ व्हँकुव्हरचा, जून २००६ चा जन्म. बॉस्टन युनिव्हर्सिटीकडून एकाच मोसमात ३८ सामन्यांत ६४ गुण (गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलसाठी दिलेले पास, मिळून) आणि कॉलेज हॉकीतला होबी बेकर पुरस्कार, तोही आजवरचा सर्वांत लहान विजेता म्हणून. लहानपणी तो काही काळ इथल्याच ज्युनियर शार्क्समध्ये खेळला होता, कारण वडील गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या क्रीडावैद्यकीय विभागात नोकरीला. ही वडिलांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१० ऑक्टोबर २०२४ ला सेंट लुईसविरुद्ध त्याचं पदार्पण झालं. पहिल्याच पिरियडमध्ये एक गोल, एक असिस्ट. आम्ही अर्थातच आघाडी घालवून ओव्हरटाइममध्ये ५-४ ने हरलो. वर पोराचं कंबरेचं दुखणं निघालं आणि तो बारा सामने बाहेर बसला. तरीही मोसमाअखेर ७० सामन्यांत ६३ गुण, त्यात २५ गोल. संघ पुन्हा तळालाच, पण खुर्च्यांवर जॅकेटं पसरायला जागा उरली नाही.

गोल सगळेच बघतात. तुमच्या मुलाला एक वेगळी गोष्ट बघायला सांगा. समोरच्यांच्या निळ्या रेषेजवळ (त्यांचा गोलकडचा भाग जिथे सुरू होतो तिथे) सेलेब्रिनीकडून पक सुटला की त्याच्या पायांकडे बघायचं. बहुतेक पोरं पक गेला की क्षणभर मान टाकतात, पंचाकडे बघतात किंवा काठी आपटतात. हा त्याच्या आधीच वळलेला असतो. चार-पाच लांब ढांगा टाकतो, मागून येऊन समोरच्याची काठी आपल्या काठीने हलकेच वर उचलतो, आणि त्या माणसाला कळायच्या आत पक परत याच्याकडे. खडकीला आमचे सर याच एका गोष्टीसाठी शिट्टी फुंकून फुंकून दमायचे. चेंडू गेला की कंबरेवर हात ठेवून उभा राहिलास तर तसाच घरी जा, म्हणायचे. अठराव्या वर्षी ज्याला हे न सांगता कळतं, त्याच्यामागे माणूस वेडा होणारच. माझी लेक झालीच आहे, मीही झालोय.

आता पैशांकडे येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये इथल्या नगरसेवकांनी करार मंजूर केला. महापालिकेचे ३२.५ कोटी, शार्क्सचे १० कोटी, आणि त्या बदल्यात संघ २०५१ पर्यंत सॅन होजे सोडणार नाही. शहराची वस्ती दहा लाखांच्या जराशी खाली आहे, म्हणजे डोईमागे साधारण ३३५ डॉलर. आमच्या तिघांच्या घराला हजार डॉलर. नऊ वर्षांच्या मुलापुढेही हे गणित मांडता येतं, मांडून बघा.

एक बाजू मी प्रामाणिकपणे कबूल करतो. ही इमारत महापालिकेच्या मालकीची आहे. १९९३ पासून उभी आहे, संघ ती चालवतो, पण घर आमचं. तीस वर्षं जुन्या घराचं छप्पर गळायला लागलं तर घरमालकाला खर्च येतोच. लास व्हेगासला बेसबॉलच्या संघासाठी सरकारने ३८ कोटी डॉलरपर्यंत द्यायचं ठरवलं, त्यातला हा प्रकार नाही. आणि संघ गेला तर वर्षातल्या चाळीसेक रात्री अंधारात असलेली इमारत सांभाळायची कोणी, हाही खराच प्रश्न आहे.

मला खुपतं ते दुसरंच. प्रत्येक वेळी सांगितलं जातं की हा खर्च नाही, गुंतवणूक आहे. हॉटेलं चालतील, रोजगार येईल, पैसे फिरून तिजोरीत परततील. स्टेडियमांवर तीस-चाळीस वर्षं अभ्यास करणाऱ्या बहुतेक अर्थशास्त्रज्ञांचं म्हणणं नेमकं उलटं आहे. कारणही साधं आहे, आपल्या घरातच दिसतं. आमचा महिन्याचा मौजमजेचा खर्च ठरलेला आहे. मॅचला गेलो तर त्या आठवड्यात बाहेर जेवण नाही, सिनेमा नाही. मॅच नसती तर तेच पैसे शहरातल्याच दुसऱ्या कोणाच्या गल्ल्यात पडले असते. पैसे वाढले नाहीत, नुसते जागा बदलून बसले. त्यातला बराचसा खेळाडूंच्या पगारात जातो आणि तो पगार सॅन होजेतच खर्च होईल अशी काही सक्ती नसते.

आपल्यात हौसेला मोल नसतं म्हणतात ना, तेच महापालिकेने सरळ म्हणावं. आम्हाला संघ आवडतो, तो इथे राहावा म्हणून आम्ही डोईमागे ३३५ डॉलर मोजतोय, बस. लग्नात बँड लावतो तेव्हा बँडमुळे घराचं उत्पन्न वाढेल असं कोणी मांडवात सांगत नाही. तसं सांगायला लागला की समजायचं, हा माणूस बिल दाखवायचं टाळतोय.

आणि या शहराला बिल विसरण्याची सवय आहे, म्हणून जास्त धास्ती वाटते. २००० साली मतदारांनी वाचनालयांसाठी २१.२ कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. देखण्या इमारती उभ्या राहिल्या. पण कर्जरोख्यांचा पैसा बांधकामालाच वापरता येतो, ग्रंथपालाच्या पगाराला नाही. मधे मंदी आली, तिजोरीत खडखडाट झाला, २०११ मध्ये पोलिसांनासुद्धा कामावरून कमी करावं लागलं. परिणाम असा की सेव्हन ट्रीज, बॅस्कम अशी चार वाचनालयं बांधून तयार आणि दाराला कुलूप. बॅस्कम अव्हेन्यूवरून जाताना ती कोरी इमारत दिसायची. लेक तेव्हा लहान होती, मागच्या सीटवरून विचारायची, हे कधी उघडणार? उघडलं ते २०१३ मध्ये. फीत कापायला सगळे असतात, रोज सकाळी शटर वर करायला माणूस ठेवावा लागतो हे कोणाच्या लक्षात नसतं. तिकडेही तेच, इकडेही तेच.

आणखी जवळचं उदाहरण ओकलंडचं. तुम्ही नवे आहात म्हणून सांगतो. १९९५ मध्ये रेडर्स हा फुटबॉलचा संघ लॉस एंजेलिसहून परत यावा म्हणून ओकलंड आणि अलामेडा काउंटीने मिळून सुमारे २० कोटी डॉलरचं कर्ज काढलं आणि स्टेडियम वाढवलं. हे पैसे खुर्च्यांचे हक्क, म्हणजे ठरावीक खुर्चीचं मोसमाचं तिकीट घेण्याचा हक्क, विकून वसूल होणार होते. हक्क विकलेच गेले नाहीत. हप्ते करदात्यांच्या बोकांडी बसले. २०२० मध्ये रेडर्स लास व्हेगासला निघून गेले आणि हप्ते मात्र मागे राहिले. २०१९ मध्ये वॉरियर्स पलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेले होते, २०२४ मध्ये बेसबॉलचा संघही गेला. पाहुणे गेले आणि मांडवाचं भाडं चालू, अशी गत.

पण त्यातल्या वॉरियर्सनी सॅन फ्रान्सिस्कोत जे रिंगण बांधलं ते खासगी पैशातून. म्हणजे सेलेब्रिनीचे वडील ज्या इमारतीत कामाला जातात ती मालकाने स्वतःच्या खिशातून उभी केली, आणि लेक ज्या इमारतीत खेळतो तिला आम्ही डागडुजीचे पैसे देतोय. मुलाच्या आणि बापाच्या कामाच्या जागांत गाडीने तासाचं अंतर. अर्थात वॉरियर्सकडे जो पैसा आहे तो शार्क्सकडे नाही, मान्य. तरी ४२.५ कोटींत त्यांचा वाटा चौथ्या हिश्शाहूनही कमी, हे मला पटत नाही. निम्मे-निम्मे झालं असतं तर मी गप्प बसलो असतो.

नगरसेवक लोकही माणसंच. रिकाम्या खुर्च्यांच्या वर्षी हा करार मांडला असता तर एवढ्या सहज पास झाला असता का, याची मला शंका आहे. १९८८ मध्ये हे रिंगण बांधायचं की नाही हे मतदारांना विचारलं होतं आणि कौल अगदी थोडक्या फरकाने मिळाला होता. २०२५ मध्ये आम्हाला कोणी विचारलं नाही. मधे एक अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा आला आणि शहराचा मूड बदलला. त्याचा यात काडीचा दोष नाही. त्याचा पहिला करार तीन वर्षांचा, वर्षाला पावणेदहा लाख डॉलर आणि वर बोनस. तो २०२७ मध्ये संपतो. आमचा करार २०५१ पर्यंतचा. तेव्हा तो पंचेचाळिशीत असेल. पाव्हेल्स्की कप्तान होता, तोही एका उन्हाळ्यात डॅलसला गेला. खेळाडूच्या प्रेमात पडावं, पण तो शेवटपर्यंत इथेच राहील असं धरून कर्ज काढू नये.

तर पाठिंबा की विरोध? मी आमच्या नगरसेवकाला एक ईमेल लिहिला. त्यात विरोध असा केला नाही, तीन गोष्टी विचारल्या. काम अंदाजाबाहेर गेलं तर वरचा पैसा कोण भरणार, मैफली आणि इतर कार्यक्रमांच्या कमाईत शहराला काय मिळणार, आणि दरवर्षी याचा हिशेब साध्या भाषेत कुठे छापणार. सही केली आणि त्याच संध्याकाळी पुढच्या महिन्याची दोन तिकिटं काढली. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात? तिला म्हटलं, वरच्या मजल्याच्या, रांग चौदा.

तुम्ही मुलाला जरूर न्या. गाडी काढू नका, पार्किंगला आता लूट आहे. सनीव्हेलहून कॅलट्रेन धरा, डिरिडॉनला उतरा, समोरच रिंगण. दारं उघडली की लगेच आत जा. वॉर्मअपच्या वेळी वरच्या तिकिटवाल्या पोरांनाही बहुधा खाली काचेपाशी उभं राहू देतात, तिथून त्याला ७१ नंबर हाताच्या अंतरावर दिसेल. आणि जेवून मात्र सनीव्हेलहून निघू नका. इथे सॅन होजेत जेवा. विक्रीकराचा वाटा ज्या गावात जेवाल त्या गावाला मिळतो, तेवढाच आमच्या ३३५ ला हातभार.