वैद्यकीय विद्यार्थ्यांना 'वैयक्तिक आणि व्यावसायिक विकास' कसा शिकवावा? त्याला गुण द्यावेत का?

तुम्ही लिहिलंय की मूळ विषय सांभाळून हा तास नव्यानेच तुमच्याकडे आला आहे. मोठ्या वर्गात स्लाइड्स दाखवून झाल्या, मागच्या बाकांवरची मुलं त्या वेळात फार्माकॉलॉजी वाचतात. आता वरून सूचना आली आहे की प्रत्येकाकडून 'रिफ्लेक्शन', म्हणजे आपल्या अनुभवावरचं चिंतन, लिहून घ्या आणि त्याला गुण द्या. मी बरीच वर्षं या विषयाचे छोटे गट चालवतो आहे, त्यामुळे गुणांचं आधी सांगतो. बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

रिफ्लेक्शनला गुण देऊ नका. दिलेत तर महिन्याभरात सगळ्या वह्यांत एकच मजकूर दिसेल: रुग्णाला रडताना पाहून मी हेलावलो, मला संवादाचं महत्त्व पटलं, यापुढे मी सुधारणा करीन. परीक्षकाला काय हवं ते ओळखण्यात ही मुलं तरबेज असतात, त्या जोरावरच तर ती इथवर पोचली. वॉर्डात आपल्याला किळस आली, एका रुग्णाचा मनापासून राग आला, मृत्यू पाहून काहीच वाटलं नाही, हे गुण देणाऱ्या माणसाला कोण लिहून देईल? आणि बोलायला हवं ते नेमकं हेच.

वागणुकीचा हिशेब मात्र जरूर ठेवा. मॅक्सीन पापडाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे वैद्यक मंडळाची कारवाई झालेले 235 डॉक्टर घेतले आणि त्यांच्या विद्यार्थिदशेतल्या नोंदी उघडून इतरांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. कारवाई झालेल्यांच्या नोंदींत गैरवर्तनाचे शेरे सापडण्याची शक्यता सुमारे तिप्पट होती. सगळ्यात ठळक दोन गोष्टी निघाल्या: कमालीचा बेजबाबदारपणा आणि सांगूनही न सुधारणं. म्हणजे बघायचं काय, तर पोस्टिंगला वेळेवर येतो का, अंगावर घेतलेलं काम पुरं करतो का, न केलेली तपासणी केली म्हणून लिहितो का, चूक दाखवली की ऐकतो की वाद घालतो. यासाठी निबंध लागत नाही. युनिटमधल्या सिस्टर आणि रेसिडेंट (निवासी डॉक्टर) यांना विचारा, त्यांना सगळं माहीत असतं.

आता शिकवण्याकडे. वर्ग सोडा. आठ-दहा जणांचा गट करा, तोच गट आणि तोच शिक्षक, जमलं तर दोन-तीन वर्षं. ओळख मुरल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही. पद्धत नवी शोधायची गरज नाही. मायकल आणि एनिड बालिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये जनरल प्रॅक्टिशनरांचे गट सुरू केले होते, तीच थोडी सैल करून वापरता येते. एकाने कागद न बघता एका रुग्णाची हकीकत सांगायची. मग त्याने खुर्ची जरा मागे सरकवून गप्प बसायचं, आणि बाकीच्यांनी त्या रुग्णाला काय वाटलं असेल, डॉक्टरला काय वाटलं असेल, यावर बोलायचं. सल्ला द्यायचा नाही. हे 'सल्ला द्यायचा नाही' पाळून घेणं म्हणजे शिक्षकाची कसोटी, कारण निदान आणि उपचार सांगण्याची खुमखुमी सगळ्यांनाच असते, शिक्षकालाही.

'तुम्हाला काय वाटलं?' असं मोघम विचारू नका. प्रसंग मागा. माझ्या गटांत हमखास निघणारा एक प्रसंग सांगतो. रेसिडेंट घाईत असतो, रुग्णाला सांगतो, "हे डॉक्टर तुमचं रक्त घेतील," आणि निघून जातो. 'डॉक्टर' म्हणजे तिसऱ्या वर्षातली मुलगी. रुग्ण हात पुढे करतो. आता? गटात पहिल्या फेरीत सगळे म्हणतात, खरं सांगायलाच हवं. मग मी म्हणतो, सांगा, मी रुग्ण आहे, आत्ता बोला. इथे गाडी अडते. एकजण पुटपुटतो, "म्हणजे मी तसा डॉक्टर नाहीये..." आणि रुग्णाला घाम फुटेल असंच काहीतरी बोलून जातो. चार-पाच जणांनी तोंडाने म्हणून पाहिल्यावर वाक्य जमतं: "मी अजून विद्यार्थिनी आहे, रक्त घ्यायला शिकलेय. मी घेतलं तर चालेल का? नको असेल तर सरांना बोलावते." तेवढं तोंडात बसलं की वॉर्डात उपयोगी पडतं. तत्त्व सगळ्यांना ठाऊकच होतं, वाक्य नव्हतं.

त्यानंतर खरा प्रश्न येतो: सरांना राग आला तर? तो टाळू नका. आपण तासात जे शिकवतो ते राउंडवर पाच मिनिटांत पुसलं जातं. रुग्णाला 'बेड नंबर बारा' म्हणणारा, नातेवाइकांवर खेकसणारा वरिष्ठ जर हुशार असेल तर मुलं त्याचं सगळंच उचलतात. फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजात मोहम्मदरेझा होजत यांनी विद्यार्थ्यांची सहानुभूती वर्षागणिक मोजली. २००९ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात ती तिसऱ्या वर्षी घसरलेली दिसली, म्हणजे तिथे जेव्हा मुलं पूर्ण वेळ वॉर्डात जातात तेव्हा. या मोजमापावर आक्षेप आहेत, कारण विद्यार्थ्याने स्वतःबद्दल भरलेल्या प्रश्नावलीवर ते उभं आहे. पण काळ ओळखीचा वाटतो. म्हणून मी तास पहिल्या वर्षात कोंबत नाही, वॉर्ड सुरू झाल्यावर वाढवतो. बऱ्याच वेळापत्रकांत नेमकं उलट असतं.

संवादकौशल्याच्या पायऱ्या, वाईट बातमी सांगण्याचा सहा टप्प्यांचा आराखडा वगैरे शिकवाच. त्याला फार वेळ लागत नाही, नकली रुग्ण घेऊन दोन-तीन सत्रांत होतं.

'वैयक्तिक' या अर्ध्या भागाकडे मात्र सहसा कुणी बघत नाही. जागतिक वैद्यक संघटनेने जिनिव्हाच्या प्रतिज्ञेत डॉक्टरने स्वतःच्या आरोग्याची काळजी घेण्याचं कलम घातलं ते २०१७ मध्ये, आणि मूळ प्रतिज्ञा १९४८ ची! ध्यानधारणेचं एखादं सत्र ठेवून हा भाग उरकू नका. नाइट ड्यूटीनंतर झोप न झालेल्या मुलाला श्वास मोजायला सांगणं म्हणजे थट्टा आहे. त्यापेक्षा ठोस बोला: झोप येत नाही, दारू वाढली, जगणं नकोसं वाटतं, तर कुणाकडे जायचं, ते परीक्षा विभागाला कळतं का, रजा मिळते का. ही उत्तरं तुमच्या संस्थेत आधी स्वतः शोधून ठेवा. मुलं पहिला प्रश्न 'कुणाला कळेल?' हाच विचारतात.

गोपनीयतेची हद्दही पहिल्याच बैठकीत सांगून टाका. इथलं बोलणं इथेच राहील, पण रुग्णाला किंवा तुमच्यापैकी कुणाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही, आणि पुढे जाण्याआधी तुम्हाला सांगेन. नंतर सांगितलंत तर तो विश्वासघात ठरतो. आणि गट चालवणाराच त्या मुलांचा व्हायव्हा (तोंडी परीक्षा) घेणारा नसावा. तुमच्याकडे माणसं कमी असतील तर दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्याशी गटांची अदलाबदल करा.