राज्यभरातल्या वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी जोडल्याने संशोधनाला आणि सरकारी धोरणाला काय फायदा होतो? सगळ्यांची खासगी माहिती एका जागी साठत नाही का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नीट बांधलेल्या व्यवस्थेत साठत नाही. हे ऑस्ट्रेलियातल्या पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याच्या उदाहरणावरून सांगतो, कारण तिथे हे काम १९९५ पासून चालू आहे. २००८ पर्यंत तिथे तीसहून जास्त नोंदसंग्रह जोडून झाले होते: जन्म, मृत्यू, प्रसूती, रुग्णालयातल्या भरती, कर्करोग, मानसोपचार, मतदारयादी वगैरे.

फायदा कसा होतो ते एका अभ्यासावरून कळेल. मानसिक आजार असलेल्यांचे मृत्यू इतरांपेक्षा जास्त होतात म्हटलं की आधी मनात आत्महत्या येते. तिथल्या संशोधकांनी १९८० ते १९९८ या काळातल्या मानसोपचाराच्या, रुग्णालयांच्या आणि मृत्यूच्या नोंदी जोडून पाहिल्या. जादा मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण निघालं हृदयविकार. बाकीच्या लोकांत हृदयविकाराचे मृत्यू त्या वर्षांत घटत होते. या रुग्णांपैकी पुरुषांत ते होते तिथेच राहिले आणि स्त्रियांत थोडे वाढले. शिवाय, बायपास किंवा अँजिओप्लास्टीसारखे उपचार यांच्या वाट्याला कमी येत होते, विशेषतः सायकोसिस (भ्रम-भास होऊन वास्तवाचं भान सुटणारा आजार) असलेल्यांच्या. मृत्यूच्या दाखल्यावर मानसोपचाराचा इतिहास नसतो आणि मानसोपचाराच्या फाइलीत बायपास नसते, त्यामुळे यातली कोणतीही एक नोंदवही हे सांगू शकली नसती. धोरण आखणाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे: या रुग्णांचा रक्तदाब, साखर, धूम्रपान आणि छातीत दुखण्याची तक्रार यांकडेही तितकंच लक्ष हवं.

आता जोडणी कशी होते ते पाहू. प्रत्येक खातं आपल्या फाइलीचे दोन भाग करतं. नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता आणि नोंदीचा क्रमांक एवढंच जोडणी करणाऱ्या विभागाकडे जातं. आजार, उपचार, परीक्षेतले गुण अशी बाकीची माहिती खात्याकडेच राहते. जोडणी विभाग कुठली नोंद कुठल्या नोंदीशी जुळते ते ठरवून प्रत्येक व्यक्तीला एक सांकेतिक क्रमांक देतो. संशोधकाला त्या क्रमांकासह आजार-उपचाराची माहिती मिळते, नाव-पत्ता नाही. हा क्रमांक प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळा असतो, म्हणून दोन प्रकल्पांच्या फाइली परस्पर जोडता येत नाहीत. थोडक्यात, ज्याला नावं दिसतात त्याला आजार दिसत नाहीत आणि ज्याला आजार दिसतात त्याला नावं. माझ्या मते या व्यवस्थेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच, सॉफ्टवेअर नंतर.

तिथे सगळीकडे चालणारा एकच ओळख क्रमांक नाही, त्यामुळे जुळणी संभाव्यतेने करावी लागते. दहा लाख नोंदींच्या दोन फाइली असतील तर तुलनेच्या जोड्या होतात एक लाख कोटी. म्हणून आधी गट पाडतात (उदा. जन्मसाल आणि आडनावाचा उच्चार सारखा असलेल्यांचा), गटाच्या आतच तुलना करतात आणि गटाचा निकष बदलून हेच पुन्हा करतात. मग प्रत्येक रकान्याला वजन मिळतं, म्हणजे तो जुळणं किती भक्कम पुरावा मानायचा याचा आकडा. समजा, खरोखर एकाच माणसाच्या नोंदींत जन्माचा दिवस-महिना ९६ टक्के वेळा जुळतो आणि दोन अनोळखी माणसांत ३६५ पैकी एकदा. या दोन्हींच्या गुणोत्तराचा पाया-२ लॉगॅरिदम (म्हणजे ते गुणोत्तर २ चा कितवा घात आहे) साधारण ८.५, तेवढं वजन. तारीख जुळली नाही तर उणे ४.६. लिंग जुळण्याचं वजन मात्र जेमतेम १. बेरीज वरच्या मर्यादेपलीकडे गेली तर जोड पक्का, खालच्या मर्यादेखाली गेली तर नाही, आणि मधल्या जोड्या माणसाने डोळ्यांनी तपासायच्या.

हेच गणित महाराष्ट्रात जसंच्या तसं लावलं तर फसेल. आपल्याकडे शाळेत नाव घालताना १ जून ही जन्मतारीख लावलेली माणसं गावोगाव भेटतात. समजा, वीसांत एकाची तारीख १ जून असेल, तर ती जुळल्याचं वजन ८.५ नव्हे, ४.३ च्या आसपासच धरायला हवं. नाहीतर दोन वेगळी माणसं एक होतील आणि एकाचा मधुमेह दुसऱ्याच्या नावावर चढेल. लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं, कधी पहिलं नावही. मग तिची शाळेची नोंद आणि प्रसूतीची नोंद एकमेकींना ओळखतच नाहीत. त्यात ‘चौधरी’ इंग्रजी फॉर्मवर चार तऱ्हांनी लिहिलं जातं.

या चुका सगळ्यांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत, ही मला सर्वांत काळजीची बाब वाटते. पत्ता वारंवार बदलणारे, स्थलांतरित, कागदपत्रं तोकडी असलेले लोक जास्त निसटतात. निसटलेली रुग्णालयाची भरती आकडेवारीत ‘आजारी पडलाच नाही’ अशी दिसते. राज्य सोडून गेलेला माणूसही मृत्यूची नोंद इथे न सापडल्याने ‘जिवंत आणि ठणठणीत’ ठरतो. म्हणून मतदारयादीसारखी ‘अजून इथेच आहे’ हे सांगणारी नोंद लागते. गरीब वस्तीत आजार कमी असा निष्कर्ष निघाला, तर आधी तिथली जुळणी किती टक्के झाली ते पाहावं.

नावं काढली की काम झालं, असंही नाही. एखाद्या तालुक्यात एका दुर्मिळ आजाराचे दोनच रुग्ण असतील तर वय आणि गाव एवढ्यावरून गावकरी त्यांना ओळखतात. म्हणून पाचपेक्षा लहान आकडे झाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. पण तालुक्याची बेरीज तशीच छापली, तर झाकलेला आकडा वजाबाकीने लगेच निघतो, तेव्हा शेजारचा एखादा आकडाही झाकावा लागतो.

तुमच्या हाती असा एखादा अहवाल आला तर त्यात तीन गोष्टी शोधा: किती जोड्या चुकीच्या ठरल्या, किती निसटल्या, आणि हे प्रमाण स्त्री-पुरुष, शहर-खेडं असं वेगवेगळं दिलंय का. तिसरी नसेल तर पहिल्या दोनांवर फारसं विसंबू नका.