वाचक विचारतात: सहीने सुरू झालेले युद्ध, शिध्याने ठरलेली लढाई

दुसऱ्या महायुद्धातील भारताच्या सहभागावर आलेल्या पत्रांपैकी काही पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. एकाच विषयावरची पत्रे एकत्र केली आहेत.

भारत महायुद्धात नेमका कोणाच्या निर्णयाने उतरला? मुलाच्या पुस्तकात ‘ब्रिटिशांनी भारताला युद्धात ओढले’ एवढीच ओळ आहे. – एक पालक, विलेपार्ले

ओळ खरी आहे, पण तोकडी. ३ सप्टेंबर १९३९, रविवार. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि त्याच दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी भारत युद्धात असल्याचे जाहीर केले. केंद्रीय कायदेमंडळाला विचारले नाही, प्रांतांत निवडून आलेल्या मंत्रिमंडळांनाही नाही. १९३५च्या कायद्यानुसार संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार ही खाती व्हाइसरॉयच्याच हातात होती, त्यामुळे कायद्याच्या चौकटीत त्यांना विचारण्याची गरजही नव्हती. संताप झाला तो नेमका यावर. दक्षिण आफ्रिकेत संसदेत मतदान झाले आणि मग ६ सप्टेंबरला तो देश युद्धात उतरला. कॅनडाने संसद बोलावून १० सप्टेंबरला घोषणा केली. भारताच्या वाट्याला फक्त जाहीरनामा आला.

मुंबईत २ ऑक्टोबर १९३९ला सुमारे ९० हजार कामगारांनी युद्धाविरोधात एक दिवसाचा संप केला. त्यानंतरच्या काही आठवड्यांत काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, त्यांत मुंबईचे बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळही होते.

मुलाला आणखी एक गोष्ट जरूर सांगा. सक्तीची भरती भारतात कधीच झाली नाही. तरीही सुमारे दोन लाखांचे सैन्य युद्ध संपेपर्यंत पंचवीस लाखांवर गेले. कुणी पोटासाठी गेले, कुणी घराण्याच्या रिवाजाने, तर कुणी फॅसिझम थांबलाच पाहिजे म्हणून. सुमारे ८७ हजार परत आले नाहीत. त्यांना ‘ओढले गेलेले’ म्हणून बाजूला सारणे आम्हाला पटत नाही.

जपान हरला तो अमेरिकेमुळे. मग इम्फाळ-कोहिमाला निर्णायक लढाई का म्हणतात? – एक वाचक, ठाणे

समुद्रावरचा तोल जून १९४२मध्ये मिडवेला फिरला. जपानच्या अकागी, कागा, सोर्यू आणि हिर्यू या चार विमानवाहू नौका तिथे बुडाल्या. मात्र ब्रह्मदेशातली जपानी फौज त्यानंतरही जागची हलली नव्हती. ती १९४४च्या उन्हाळ्यात इम्फाळ-कोहिमाला मोडली आणि पुन्हा सावरली नाही. दोन्ही लढाया निर्णायकच होत्या, रणांगणे वेगळी होती.

तीन डिव्हिजन घेऊन आलेले जपानी हरले कसे? शौर्यात तर ते कमी नव्हते. – एक निवृत्त शिक्षक, दादर

शौर्यात तसूभरही कमी नव्हते. त्यांना भूक आणि पावसाने मोडले. पानिपताचा इतिहास शिकवलेल्या माणसाला हे चटकन उमजेल. भाऊसाहेबांची फौज १४ जानेवारी १७६१ला रणात उतरली ती उपाशी पोटी, कारण रसदेची वाट आधीच तुटली होती. इथे जपानी सेनापतीने आपली रसद शत्रूच्या कोठारात आहे असे गृहीत धरून चाल केली.

लेफ्टनंट जनरल मुतागुची यांच्या १५व्या आर्मीत ३१वी, १५वी आणि ३३वी अशा तीन डिव्हिजन होत्या, सगळे मिळून सुमारे ८५ हजार सैनिक. ३३वी डिव्हिजन ८ मार्च १९४४ला दक्षिणेकडून निघाली. बाकीच्या दोघींनी १५ मार्चला चिंदविन नदी ओलांडली. प्रत्येक सैनिकाजवळ साधारण वीस दिवसांचा शिधा होता. सोबत गुरांचे कळप हाकलत नेले होते, म्हणजे ओझेही वाहतील आणि पुढे खायलाही होतील. पण नदी उतरताना आणि डोंगर चढताना बरीच गुरे गेली, आणि त्यांच्या पाठीवरचे सामानही. तोफा डोंगरात नेता येतील तेवढ्या हलक्याच घेतल्या होत्या.

आता हिशेब करा. १५ मार्चपासून वीस दिवस म्हणजे ४ एप्रिल. ३१व्या डिव्हिजनने कोहिमाला वेढा घातला तो ४ एप्रिललाच! शिधा संपत आला आणि लढाई सुरू झाली. नागा गावांतला भात किती दिवस पुरणार? खरे कोठार दिमापूरला होते, कोहिमापासून ४६ मैलांवर. रेल्वेच्या कडेने मैलोन्‌मैल पसरलेला साठा तिथे होता आणि त्याला संरक्षण नावापुरतेच. ३१व्या डिव्हिजनला मात्र हुकूम फक्त कोहिमाचा होता. आमच्या मते या मोहिमेतली सर्वांत मोठी चूक हीच.

उलट बाजूला ब्रिटिश-भारतीय फौजेचे सेनापती जनरल स्लिम यांनी ठरवले की पुढे जाऊन लढायचे नाही. फौज मागे इम्फाळच्या सपाटीवर आणायची आणि जपान्यांना डोंगरातली लांबलचक वाट तुडवत येऊ द्यायचे. यात फसगतही झाली. ब्रह्मदेशातल्या टिड्डीमकडच्या १७व्या डिव्हिजनला माघारीचा हुकूम उशिरा मिळाला आणि तिला रस्त्यातले अडथळे फोडत यावे लागले. कोहिमावर एवढी मोठी फौज येईल हेही आधी कोणी धरले नव्हते. या चुका विमानांनी निस्तरल्या. १९ मार्चपासून अकरा दिवसांत ब्रह्मदेशाच्या अराकान किनारपट्टीवरची ५वी भारतीय डिव्हिजन, तोफा आणि खेचरांसकट, साडेसातशेच्या आसपास फेऱ्या करून उचलून आणली.

इम्फाळचा रस्ता तुटल्यावर दीड लाख माणसांना विमानाने जगवायचे होते. १८ एप्रिल ते ३० जून या काळात सुमारे १९ हजार टन माल उतरवला गेला, म्हणजे दिवसाला सरासरी अडीचशे टन. एका डकोटा मालवाहू विमानात अडीच टन धरले तर रोज शंभर फेऱ्या, त्याही पावसाळी ढगांत, डोंगरांमधून. प्रत्येक मौसमात चालेल अशा धावपट्ट्या दोनच होत्या, इम्फाळ आणि पालेल. तरी शिधा कमी करावा लागला. परतीच्या विमानांतून सुमारे १३ हजार जखमी व आजारी आणि ४३ हजार बिगरलढाऊ लोक बाहेर काढले. खाणारी तोंडे कमी करणे हाही रसदेचाच भाग असतो.

कोहिमाच्या टेकडीवर अडीच हजार माणसे होती आणि त्यांतही बरीच बिगरलढाऊ. पाणी जिथून येत होते तो कडा जपान्यांनी सुरुवातीलाच घेतला. मग रात्री अंधारात एका झऱ्यावरून पाणी आणायचे, माणशी दिवसाला अर्धा लिटरही नाही. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याचे टेनिस कोर्ट मध्ये होते, एका कडेला टेकडी राखणारे, दुसऱ्या कडेला जपानी. हातबॉम्ब सहज पलीकडे पडावा एवढेच अंतर. १३ एप्रिलला विमानांनी टाकलेला माल वाऱ्याने जपान्यांकडे गेला, त्यात उखळी तोफांचे गोळे होते. जपान्यांनी ते याच टेकडीवर डागले. टेकडी तगली याचे मोठे कारण म्हणजे जवळच्या जोत्सोमा गावाहून भारतीय डोंगरी तोफखान्याचा अचूक मारा. १८ एप्रिलला पंजाब रेजिमेंटची तुकडी रणगाड्यांसह पोहोचली आणि २० तारखेला दमलेली शिबंदी बदलली गेली.

वेढा उठला तरी कडे साफ करायला मे महिना गेला. ३१ मेला ३१व्या डिव्हिजनचे सेनापती सातो यांनी वरचा हुकूम मोडून माघार घेतली, कारण खायला उरले नव्हते. २२ जूनला १०९व्या मैलाच्या दगडापाशी कोहिमा आणि इम्फाळ या दोन्हीकडून आलेल्या ब्रिटिश-भारतीय फौजा भेटल्या आणि रस्ता खुला झाला. जपान्यांचे सुमारे ३० हजार सैनिक मेले, त्यांतले बहुतेक उपासमार आणि रोगांनी. तिन्ही डिव्हिजनचे सेनापती लढाई चालू असतानाच बदलले गेले, यावरून अवस्था लक्षात यावी.

या भुकेत आझाद हिंद फौजेचे सैनिकही होते, सुमारे सहा हजार. १४ एप्रिलला त्यांनी मोइरांगला तिरंगा फडकवला. तेही आपलेच होते आणि समोरच्या खंदकातलेही आपलेच. दोघांचीही आठवण ठेवावी असे आम्हाला मनापासून वाटते.

मराठा पलटणी या लढाईत होत्या का? – एक वाचक, सातारा रस्ता, सध्या मुक्काम डोंबिवली

होत्या, आणि मोक्याच्या जागी होत्या. सांगशाक हे नाव लक्षात ठेवा. ५०व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन तिथे २२ ते २६ मार्च १९४४ लढली. डोंगरमाथ्यावरचे गाव, कुंपणाला काटेरी तारही नाही. खंदक खणायला घेतले तर तीन फुटांखाली कातळ लागला, म्हणजे माणूस उभा राहील एवढा खंदक होईना. पाण्याची मारामार होती. आपल्या किल्ल्यांवर आधी टाकी खोदत आणि मग तट बांधत, ते का, हे इथे कळते. माथा अरुंद असल्याने छत्रीने टाकलेला बराच माल बाहेर, शत्रूच्या हाती पडला.

वास्तविक सांगशाक ३१व्या डिव्हिजनच्या वाटेत नव्हते, तो पट्टा १५व्या डिव्हिजनचा होता. तरी ३१व्या डिव्हिजनची ५८वी रेजिमेंट तिथे भिडली आणि जवळजवळ आठवडा गमावला. वीस दिवसांच्या शिध्यातला आठवडा! शिवाय एका मृत जपानी अधिकाऱ्याजवळ चालीचा नकाशा सापडला. त्याच्या नकला करून इम्फाळला पाठवल्या. २६ तारखेच्या रात्री हुकूम आला तेव्हा उरलेले सैनिक अंधारातून वाट काढत निघाले.

इटलीत मराठ्यांनी दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले. यशवंत घाडगे १० जुलै १९४४ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले, त्यांचा पुतळा माणगावला आहे. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदीतून दोन जखमी सोबत्यांना बाहेर काढले. मग मशीनगनची ठाणी एकट्याने उडवली आणि हाताला जखम झाल्यावर बंदूक टाकून हातबॉम्ब वापरले.

मुंबई गोदीचा स्फोट जपान्यांनी घडवला असे आजी सांगायची. खरे काय? – एक वाचक, लालबाग

घातपाताचा पुरावा मिळाला नाही. आजी तसे का म्हणत असतील ते मात्र समजते. सेन्सॉरमुळे इथे बातमी दाबली आणि दुसऱ्या दिवशी जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने सविस्तर सांगितली. मुंबईच्या वर्तमानपत्रांना मे महिन्यापर्यंत थांबावे लागले. शत्रूला आपल्याआधी कळले, तर लोक दुसरे काय समजणार?

‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज १२ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्यात सुमारे १४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता, आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी, लाकूड, तेलाची पिंपे, भंगार, शिवाय सोन्याच्या विटा. दोन नंबरच्या होल्डमध्ये, म्हणजे जहाजातल्या मालाच्या कप्प्यात, खाली कापूस आणि वर स्फोटके, ही मांडणीच घातक होती. दाबलेला कापूस आतल्या आत धुमसतो, वरून कळत नाही. १४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास धूर लक्षात आला. बंबवाल्यांनी नऊशे टनांवर पाणी ओतले. पण आगीचे मूळ सापडेना, आणि पाणी चढले तशा जळत्या गाठी तरंगत वर, स्फोटकांच्या जवळ गेल्या. धोक्याचे लाल निशाण जहाजावर नव्हते, म्हणून शेजारची जहाजे गाफील राहिली. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, चार चौतीसला दुसरा, त्याहून मोठा. पहिला हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. मृतांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत दिले जातात. त्यांत ६६ अग्निशमन कर्मचारी होते. १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ.

त्या दिवशी कोहिमाच्या वेढ्याचा अकरावा दिवस होता.

आजोबांच्या पेटीत तांबूस रंगाची सहा टोकांची चांदणी सापडली. ते कुठे लढले हे कसे शोधू? – एक वाचक, परळ

आधी ती घासू नका. लिंबू, चिंच, पितांबरी, काही नको. मागे किंवा कडेला बारीक अक्षरे असू शकतात, ती झिजतील. भारतीय सैनिकांच्या पदकांवर बऱ्याचदा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंगाखाली, तिरप्या उजेडात वाचा.

मग फीत पाहा. गडद निळ्यात मधोमध रुंद लाल पट्टा आणि निळ्या भागांत नारिंगी रेघा असतील तर बर्मा स्टार. लाल-पांढरा-हिरवा-पांढरा-लाल असेल तर इटली. फिकट वाळूच्या रंगावर मधे लाल आणि बाजूंना एक गडद, एक फिकट निळी रेघ असेल तर आफ्रिका. फीत गेली असेल तर चांदणीवरच्या गोलात इंग्रजीत नाव असतेच.

क्रमांक आणि पलटण मिळाली की डिस्चार्ज बुक शोधा. नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज करा, मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगावला. अर्जात क्रमांक, पूर्ण नाव, वडिलांचे नाव, गाव आणि त्या वेळचा तालुका-जिल्हा लिहा. जिल्ह्यांची नावे आणि हद्दी बदलल्या आहेत, रायगड तेव्हा कुलाबा होता.

आजोबा युद्धात मरण पावले असतील तर राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधता येते, परत आलेल्यांची नोंद तिथे नसते. शोधताना ‘मराठा’च्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये पहिल्या ‘ए’नंतर ‘एच’ आणि पुढे ‘टी’ दोनदा असतो. आडनाव न देता नुसते पहिले नाव टाकूनही पाहा, कारकुनाने कानावर पडले तसे लिहिलेले असते. थडगे सापडले नाही म्हणून शोध सोडू नका. हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन झाले, त्यांची नावे स्मारकांच्या भिंतींवर आहेत. कोहिमाच्या दहनस्मारकावरच ९१७ नावे आहेत.